श्रद्धेचे प्रौढशिक्षण

सरकारी नोकराचा देव्हारा लहान असतो. बदलीच्या वेळी ट्रंकेच्या एका कोपऱ्यात, धोतराच्या घडीत गुंडाळून जेवढे देव बसतील तेवढेच त्याच्याबरोबर फिरतात. बाकीचे गावच्या घरी थोरल्या भावाच्या स्वाधीन. ही केवळ सोयीची गोष्ट आहे असे मला फार वर्षे वाटत असे. पुढे ध्यानात आले की, देवांबरोबर आणखीही पुष्कळ काही मागे राहिलेले असते. गावी असताना चतुर्थी आली हे पंचांग पाहून कळत नाही. ते शेजारच्या स्वयंपाकघरातून येणाऱ्या वासावरून कळते. परमुलखात तीच चतुर्थी ठरवून करावी लागते, आणि एखादी गोष्ट ठरवून करावी लागली म्हणजे मनुष्याला आयुष्यात प्रथमच असा प्रश्न पडतो की, मी ही का करतो? पुष्कळजण हा प्रश्न मंडळाच्या गणेशोत्सवाच्या वर्गणीत बुडवून टाकतात. मीही तेच केले. ज्यांनी तसे केले नाही अशा दोघांची हकीकत येथे सांगावयाची आहे. दोघेही मला एका कॅथॉलिक देवळाच्या वाटेवर भेटले, हा योगायोग. पण त्यांच्यामुळे जो प्रश्न उभा राहिला तो त्या देवळापुरता नाही.

१९९५ साली मी जबलपुरास होतो. शेजारच्या क्वार्टरमध्ये वसईचे एक गृहस्थ राहत. हिशेब खात्यातले वरिष्ठ अधिकारी, वय पन्नाशीच्या अलीकडेपलीकडे. वसईचा ख्रिस्ती मनुष्य परप्रांतात भेटला म्हणजे प्रथम गंमत होते. नाव पोर्तुगीज, आडनाव पोर्तुगीज आणि तोंडात अस्सल मराठी. घरात तर ते आमच्या कानाला अनोळखी वाटणारी सामवेदींची बोली बोलत. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता. चिमाजी अप्पांनी तो संपविला, हे आपण शाळेत शिकतो. परंतु पोर्तुगीज गेल्यावरही तेथील हजारो शेतकरी, माळी, कोळी आपापल्या देवळांत येशूची प्रार्थना करीत राहिले, हे शाळेत कोणी फारसे सांगत नाही. मला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. त्यांच्या पूर्वजांनी धर्म कोणत्या परिस्थितीत घेतला याविषयी शंका घ्यावयास पुष्कळ जागा आहे. राजसत्तेच्या छायेत दिलेला होकार कितपत स्वतंत्र असतो? पण १७३९ नंतर तो धर्म टाकणे सोपे आणि पाळणे अवघड झाले असताना ज्यांनी तो पाळला, त्यांच्या होकाराला नवा अर्थ आला असे म्हणावे लागेल. आजोबाने भीतीने घेतलेली वस्तू नातू निर्भयपणे राखू शकतो. उगम गढूळ होता म्हणून पुढचा सगळा प्रवाह गढूळच मानणे हे न्यायाचे नाही.

हे माझे स्नेही रविवारी न चुकता मिस्साबलीला जात. मी एकदा त्यांना सहज विचारले, "तुम्ही लोक पुष्कळ शिकवता बुवा मुलांना. आमच्याकडे असे काही नाही." त्यावर ते हसून म्हणाले, "मुलांना शिकवतो, खरे. मला बाराव्या वर्षी सगळी प्रश्नोत्तरे तोंडपाठ होती. दृढीकरण झाले, बिशपांनी कपाळाला तेल लावले, आणि त्या दिवसापासून माझे धर्मशिक्षण संपले. गेली पस्तीस वर्षे मी त्याच पुंजीवर चाललो आहे. आपल्या खात्यात एखादा मनुष्य पस्तीस वर्षांपूर्वीच्या नियमावलीवर काम करताना सापडला तर तुम्ही त्याच्या अहवालात काय लिहाल?"

मी निरुत्तर झालो, कारण माझी पुंजी त्याहून तुटपुंजी होती. माझी मुंज आठव्या वर्षी झाली. संध्या सहा महिने केली. मुंजीतली लंगोटी नेसून कोणी कचेरीत जात नाही. पण मुंजीतली समजूत घेऊन आपण सारे सेवानिवृत्तीपर्यंत जातो.

त्या सुमारास त्यांच्या धर्मग्रामात प्रौढांचा एक वर्ग सुरू झाला होता. धर्मग्राम म्हणजे एका देवळाभोवतीचा, एका धर्मगुरूच्या देखरेखीखालचा ख्रिस्ती समाज. वसईस धर्मग्राम म्हणजे गावच. आळीआळीने ओळखीचे, लग्नसंबंधाने जोडलेले. जबलपूरच्या त्या धर्मग्रामात मात्र मल्याळी परिचारिका, तमिळ रेल्वे कामगार, गोव्याचे एक निवृत्त बँडमास्तर, छोटा नागपूरकडून आलेली आदिवासी कुटुंबे आणि आमचे वसईकर असा मेळा होता. कोणाची भाषा कोणाला पुरती येत नसे. सगळ्यांची मिळून मोडकी हिंदी. धर्मगुरू केरळचे. एक नंदादीप सोडला तर कोणाच्याच लहानपणच्या देवळातले काही तेथे नव्हते.

स्नेह्यांच्या आग्रहावरून मी चार-पाच वेळा त्या वर्गाला जाऊन बसलो. गुरुवारी संध्याकाळी देवळाच्या बाजूच्या दालनात आठ-दहा माणसे जमत. काही जन्माने कॅथॉलिक, पण माझ्या स्नेह्यांसारखी बारा वर्षांच्या वयात थांबलेली. काही स्नानसंस्कार घेऊ इच्छिणारी. धर्मगुरू शुभवर्तमानातला एक उतारा वाचीत, समजावीत, मग प्रश्न विचारीत. पहिल्या दिवशी मला तो वर्ग, खरे सांगायचे तर, कंटाळवाणा वाटला. दिवसभर कचेरीत बसून आलेली माणसे, वर पंखा, बाहेर डास. शिकविणाराही दमलेला. पुढे वाचनात आले की, हे दुखणे फार जुने आहे. इसवी सन ४०० च्या सुमारास कार्थेज येथील देओग्रातियास नावाच्या एका उपधर्मगुरूने संत ऑगस्टीनला असे कळविले होते की, नवख्यांना धर्म समजावून सांगताना माझे मलाच कंटाळवाणे होते, काय करू? ऑगस्टीनने त्याला उत्तर म्हणून एक लहानसा ग्रंथच लिहून पाठविला. त्यात धर्मसिद्धांत आहेतच. पण मला आवडला तो त्याचा व्यवहार. तो म्हणतो की, आपले बोलणे आपल्यालाही बहुधा नापसंतच असते. म्हणून निराश होऊ नये. श्रोता उभा राहून दमला असेल तर त्याला बसावयास आसन द्यावे. आणि तेच तेच सांगून वीट येत असेल तर असे पाहावे की, आपल्या नित्याच्या पाहण्यातले एखादे रम्य स्थळ प्रथमच आलेल्या पाहुण्याला दाखविताना आपल्यालाही ते पुन्हा नवे दिसू लागते. दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा हा बिशप शिक्षणशास्त्रावरच्या पुष्कळ आधुनिक पुस्तकांपेक्षा मला शहाणा वाटला.

ऑगस्टीन स्वतः प्रौढपणी शिकलेला होता. आई ख्रिस्ती असूनही त्याचा स्नानसंस्कार ३८७ च्या पास्काच्या सणाला, मिलान येथे, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी झाला. त्या काळी प्रौढ दीक्षार्थींचा मोठा वर्ग असे, आणि दीक्षेला वर्षे लागत. पुढे सगळा समाजच ख्रिस्ती झाला, तान्ह्या मुलांचा स्नानसंस्कार हा नियम झाला, आणि प्रौढांना शिकविण्याची ती व्यवस्था लोपली. हवेतच धर्म असेल तर तो शिकवायचा कशाला? दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेविषयीचा जो दस्तऐवज संमत केला त्यात प्रौढांची ही टप्प्याटप्प्याची दीक्षा पुन्हा सुरू करावी असे ठरले. १९७१ च्या मार्गदर्शिकेत प्रौढांचे धर्मशिक्षण हेच धर्मशिक्षणाचे मुख्य रूप मानावे असे म्हटले गेले, आणि १९७२ मध्ये नवा दीक्षाविधी प्रसिद्ध झाला. शतकानुशतके मुलांना पाठांतर देणाऱ्या संस्थेला मोठ्यांकडे वळावेसे वाटले, याचे कारण माझ्या मते एवढेच की, हवेतून धर्म येण्याचे दिवस संपले, हे तिने ओळखले. सगळे जगच बदलीच्या नोकरीवर निघाले होते.

आपल्याकडे हा प्रश्न फार आधी निघाला होता, हे मराठी वाचकाला सांगितले पाहिजे. फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली राचोल येथे छापले गेले. त्याच्या आरंभीच असा प्रसंग आहे की, रविवारचे धर्मशिक्षण आटोपल्यावर नवख्रिस्ती समाजातला एक जाणता गृहस्थ पाद्रींना विचारतो, आमची जुनी पुराणे वाचावयाची नाहीत तर मग आमच्या भाषेत दुसरे पुराण का देत नाही? साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. त्या जखमेचा कोरडा उल्लेखही पुरेसा बोलका आहे. पण त्या प्रश्नातली मागणी पाहावी. तो मनुष्य पाठ करावयाची सूत्रे मागत नाही; आपल्या संध्याकाळी ज्यात घालविता येतील असे काही मागतो. दहा हजारांहून अधिक ओव्या त्या मागणीतून निघाल्या. मुलाला उत्तरे पुरतात. मोठ्याला राहावयाला जागा लागते.

असो. मूळ हकीकतीकडे येतो.

त्या वर्गात माझ्या स्नेह्यांच्या कचेरीतला एक शिपाई येत असे. चाळिशीचा, अबोल, हात कामाला तयार. तो जन्माने हिंदू, अनुसूचित जातीचा. त्याचा मोठा मुलगा काही वर्षांपूर्वी आजारी असताना या धर्मग्रामातल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल मंडळाची दोन माणसे दर आठवड्याला त्याच्या घरी जात. १८३३ मध्ये पॅरिस येथे फ्रेदेरिक ओझानाम या विशीतल्या विद्यार्थ्याने मित्रांसह काढलेले हे मंडळ. गरिबाच्या घरी जोडीने जाऊन बसावयाचे, ही त्याची जुनी रीत. मुलगा वाचला नाही. मुलगा गेल्यानंतरही ती माणसे येत राहिली, आणि या गोष्टीचे त्या शिपायाला मोठे आश्चर्य वाटले. आता काम उरले नाही, तरी ही का येतात? एवढ्या एका प्रश्नाचा पाठलाग करीत तो त्या दालनापर्यंत आला होता. वर्गात तो फारसे बोलत नसे. पण एकदा धर्मगुरूंनी क्षमेविषयी काही सांगितले तेव्हा त्याने विचारले की, ज्याने क्षमा मागितलीच नाही त्यालाही करायची काय? त्या दिवशी वर्ग तासभर लांबला. जन्मजात कॅथॉलिकांना हा प्रश्न कधी पडला नव्हता, असे माझे स्नेही परतताना म्हणाले.

या दीक्षेचा एक भाग मला, सरकारी मनुष्य म्हणून, फार मनोरंजक वाटला. उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी दीक्षार्थींना सर्वांसमोर उभे करतात आणि प्रश्न विचारतात. पण ते दीक्षार्थींना नव्हे, त्यांच्या धर्मपिता-धर्ममातांना. याने वचन मनापासून ऐकले काय? त्याप्रमाणे वागू लागला काय? आपल्या बांधवांत मिसळला काय? म्हणजे हा एक प्रकारचा गोपनीय अहवाल, पण संबंधित इसमासमोर, भर सभेत मोठ्याने वाचला जाणारा. आपल्या खात्यांत ही पद्धत आली तर निम्मे शेरे लिहिलेच जाणार नाहीत. यामागचा विचार मात्र गंभीर आहे. मनुष्याची श्रद्धा खरी की खोटी हे त्याच्या तोंडून कळत नाही. ज्यांनी त्याच्याबरोबर दिवस काढले त्यांनाच ते थोडेफार सांगता येते.

शिपायाने धर्मपिता म्हणून आपल्या साहेबांचे, म्हणजे माझ्या स्नेह्यांचे, नाव दिले.

एका रात्री ते अस्वस्थ होऊन माझ्याकडे आले. आम्ही व्हरांड्यात बसलो. मध्य प्रदेशात १९६८ पासून धर्मस्वातंत्र्याचा कायदा होता. बळाने, प्रलोभनाने किंवा कपटाने धर्मांतर घडविणे हा गुन्हा, आणि संस्कार करणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळविले पाहिजे. याच कायद्यासंबंधीच्या स्टॅनिस्लाउस खटल्यात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला, आणि धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय दिला. २०२१ मध्ये त्या जागी आलेल्या नव्या कायद्याने तर साठ दिवस आधी सूचना मागितली आहे. माझ्या स्नेह्यांना कायद्याची भीती नव्हती. प्रलोभन असेल तर ते उलट दिशेचे होते: १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना, ख्रिस्ती होणाऱ्याचा तो जातो. शिपायाला हे पक्के ठाऊक होते. त्यांना टोचत होते ते वेगळेच. ते म्हणाले, "रोज सकाळी मी आल्यावर तो उठून उभा राहतो. त्याच्या रजेवर मी सही करतो. त्याचा अहवाल मी लिहितो. अशा मनुष्याने माझ्याच धर्मात यायचे ठरविले तर त्यात त्याचे किती आणि माझ्या खुर्चीचे किती, हे मी कसे ओळखू? उद्या देवळात उभे राहून मी साक्ष दिली की याचे मन स्वतंत्र आहे, तर ती साक्ष खरी असेल काय?"

मी त्यांना सल्ला दिला, आणि तो कोणत्याही जबाबदार अधिकाऱ्याने दिला असता तोच होता. नाही म्हणा. वरिष्ठाने कनिष्ठाच्या अशा बाबतीत पडू नये. दुसऱ्या कोणाला साक्षीला उभे राहू द्या. कागद स्वच्छ राहील.

त्यांनी तसे केले. दुसऱ्या दिवशी शिपायाला खोलीत बोलावून समजावून सांगितले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "साहब, गिरजे में भी आप साहब ही रहेंगे?"

हे वाक्य त्यांनी मला त्याच संध्याकाळी सांगितले, आणि आज इतक्या वर्षांनी मी हा लेख लिहीत आहे तो त्या वाक्यामुळे. माझा सल्ला चुकीचा होता असे मी अजूनही म्हणत नाही. पण तो अपुरा होता. त्या मनुष्याचे स्वातंत्र्य जपावे म्हणून मी त्याला दूर ठेवावयास सांगितले. आणि दूर ठेवले जाणे हाच त्याच्या आयुष्यभराचा अनुभव होता. आपण त्याच्या होकारात आपल्या खुर्चीचा वाटा शोधीत होतो. आपल्या नकारातही तीच खुर्ची बसलेली होती, हे आमच्या ध्यानात आले नाही.

या जागी एक जुना नियम आठवतो. हिप्पोलिटसच्या नावावर चालत आलेल्या, आरंभीच्या शतकांतील रोमशी जोडल्या जाणाऱ्या 'प्रेषितीय परंपरा' या ग्रंथात दीक्षार्थींची चौकशी कशी करावी ते दिले आहे. येणारा गुलाम असेल आणि त्याचा मालक ख्रिस्ती असेल तर मालकाची परवानगी आणि त्याच्या चांगुलपणाविषयी मालकाची साक्ष पाहिजे. ती नसेल तर त्याला परत पाठवावे. आपल्याला हे वाचून धक्का बसतो. जेथे आम्ही वरिष्ठाची साक्ष दूषित मानली तेथे त्यांनी ती अनिवार्य मानली! त्यांचा नियम गुलामगिरी गृहीत धरतो, म्हणून तो आपल्याला नको. पण त्या नियमात एक गोष्ट अशी आहे की जी आमच्या स्वच्छ कागदात नव्हती. मालकाला तेथे येऊन, गुलामाविषयी बोलावे लागत होते. त्याला घरी बसून हात धुऊन घेता येत नव्हते.

अंतःकरणाची बाब अंतःकरणातच राहावी, असे आपण सुशिक्षित लोक म्हणतो. सरकारी नोकरीने तर ही सवय अंगात भिनते. कचेरीत धर्म नको, हे योग्यच आहे. परंतु या सवयीचा एक अतिरेक होतो. ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात विक्तोरिनुस नावाच्या रोममधील एका वृद्ध, नामांकित वक्तृत्वाचार्याची गोष्ट सांगितली आहे. हा खाजगीत आपल्या मित्राला सांगे की, मी मनाने ख्रिस्ती झालोच आहे. मित्र, सिंप्लिकियानुस, म्हणे की, तुम्हाला देवळात पाहीन तेव्हा मानीन. त्यावर विक्तोरिनुस हसून विचारी की, मग काय भिंतींनी मनुष्य ख्रिस्ती होतो? हा विनोद त्याने पुष्कळ वेळा केला. खरी गोष्ट अशी होती की, त्याला आपल्या प्रतिष्ठित मित्रांची भीती वाटत होती. शेवटी एके दिवशी तोच म्हणाला, चला देवळात. त्याच्यासारख्या थोर मनुष्याला संकोच वाटू नये म्हणून धर्मगुरूंनी श्रद्धेची कबुली एकांतात देण्याची सवलत देऊ केली. ती त्याने नाकारली आणि सर्वांदेखत, उंच जागी उभे राहून कबुली दिली.

विक्तोरिनुसचा प्रश्न मला फेटाळून लावण्यासारखा वाटत नाही. भिंतींनी खरोखरच काही होत नाही. मी आयुष्यभर त्याच्याच पक्षाचा होतो, आणि आजही माझ्यासारखे पुष्कळ वाचक असतील की ज्यांचा देव त्यांच्या आणि त्याच्या मधला असतो. पण ज्या विश्वासाची किंमत कधीच मोजावी लागली नाही, जो कोणाच्या कानावर पडला नाही, ज्याच्यामुळे शेजारी कोण बसणार हे बदलले नाही, तो विश्वास आणि एखादी आवड यांतला फरक खुद्द त्याच्या मालकालाही कसा कळावा? मला गाण्याची आवड आहे. माझी श्रद्धाही बहुधा त्याच खात्यात जमा आहे.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. भिंती आत घेतात तशा बाहेरही ठेवतात, आणि आत घेऊन वेगळेही बसवतात. भारतातील कॅथॉलिक बिशपांनी डिसेंबर २०१६ मध्ये दलितांविषयीचे जे धोरण जाहीर केले त्यात ख्रिस्तसभेतही अस्पृश्यता आणि भेदभाव नांदतो हे मान्य केले आहे. ज्या घरात समता शोधावयास मनुष्य येतो त्याच घरात त्याला तीच उतरंड भेटते, हे दुःख लहान नाही. त्या शिपायाने प्रश्न विचारला तो वर्गातल्या कोणत्याही धड्यापेक्षा अवघड होता, आणि त्याचे उत्तर पुस्तकात नव्हते.

माझ्या स्नेह्यांनी काय केले? साक्ष दिली नाहीच. धर्मपिता म्हणून एक वृद्ध तमिळ रेल्वे गार्ड उभे राहिले. मुलाच्या आजारात येणाऱ्या दोघांपैकी एक. ही निवड मुळातच अधिक योग्य होती, असे मला वाटते. परंतु स्नेही गुरुवारच्या वर्गाला जाऊ लागले ते निराळ्या रीतीने. पूर्वी ते धर्मगुरूंच्या शेजारच्या खुर्चीवर बसत, आता शिपायाच्या बाकावर बसू लागले. उतारा वाचावयाची पाळी आली की वाचीत, प्रश्नाचे उत्तर आले नाही की नाही म्हणून सांगत. एकदा शिपायाला उत्तर आले आणि साहेबांना नाही. तेव्हा तो इतका संकोचला की, आपले उत्तर चुकले असेल असे तोच म्हणू लागला. स्नेही मला म्हणाले, "त्याच्या होकारात माझी खुर्ची किती आहे हे मला कळत नव्हते ना? तर खुर्ची थोडी कमी करता येते का पाहतो." यापेक्षा चांगले तत्त्वज्ञान मला ठाऊक नाही.

आणखी एक गुंता होता. शिपायाची बायको आली नाही. तिने स्पष्ट सांगितले की, नवऱ्याचे मन तिकडे गेले असेल तर जावे, पण उरलेल्या दोन मुलांची शिष्यवृत्ती आणि पुढची नोकरी ती घालविणार नाही. शिवाय तिचा देव तिला पुरे आहे. धर्मगुरूंनी तिला काही म्हटले नाही. बापाने आपल्या विवेकाला स्मरून दिलेला होकार मुलांच्या ताटातून वसूल व्हावा काय, या प्रश्नावर आम्ही दोघे पुष्कळ बोललो आणि एकमत झाले नाही. स्नेह्यांचे म्हणणे असे की, आईबाप मुलांना भाषा देतात, गाव देतात, तशी श्रद्धाही द्यावी. मोठेपणी ती ठेवायची की सोडायची ते मुले पाहतील. मला ते पटले नाही. भाषा कोणतेही सत्य सांगत नाही, श्रद्धा सांगते. आणि ज्या सत्याची किंमत मुलाने भरावयाची ते मुलाला विचारून घेतले पाहिजे. पण मग माझी मुंज आठव्या वर्षी कोणाला विचारून केली होती? त्या प्रश्नावर मी गप्प बसलो.

१९९६ च्या एप्रिलमध्ये, पास्काच्या आदल्या रात्री, मी त्या देवळात गेलो होतो. आधी सगळे दिवे मालवलेले. बाहेर अंगणात शेकोटी पेटविली, तिच्यावरून एक मोठी मेणबत्ती, तिच्यावरून एकाची दुसऱ्याने अशा सगळ्यांच्या हातातल्या लहान मेणबत्त्या. लांबलचक वाचने झाली. मग शिपायाच्या मस्तकावर तीनदा पाणी ओतले. मला वाटले, विधी संपला. तो संपला नव्हता. धर्मगुरू सगळ्या जमावाकडे वळले आणि तेच प्रश्न, जे आता त्या एकट्याला विचारले होते, ते सर्वांना विचारू लागले: परिचारिकांना, बँडमास्तरांना, वसईच्या हिशेबनिसांना. दर वर्षी, पास्काच्या सणाला, जन्माने कॅथॉलिक असलेल्यांनाही हे पुन्हा म्हणावे लागते. लहानपणी त्यांच्यावतीने इतरांनी म्हटलेले शब्द आता स्वतःच्या तोंडाने. शेजारी उभ्या असलेल्या माझ्या स्नेह्यांचा आवाज मी ऐकला. ते नेहमी मोठ्याने बोलत. त्या रात्री फार हळू बोलले.

पुढे दोन वर्षे शिपाई दर रविवारी शेवटच्या बाकावर बसत असे. स्नेही पूर्वी पुढून तिसऱ्या बाकावर बसत. ते मागे त्याच्या बाकावर येऊन बसू लागले. पहिल्या रविवारी ते येताच तो सवयीने उठून उभा राहिला. सगळ्या देवळाने पाहिले. दुसऱ्या रविवारी अर्धा उठला. त्यानंतर माझी बदली झाली. मग त्यांचीही झाली. बऱ्याच वर्षांनी वसईस, त्यांच्या वाडीत, केळींच्या सावलीत बसलो असताना मी त्यांना विचारले, "शेवटी उठायचा थांबला का हो तो?"

ते थोडा वेळ आठवत राहिले. म्हणाले, "नाही. अर्धा उठायचाच. पण पुढे पुढे मला उशीर झाला, तर तो बाकावर पिशवी ठेवून माझी जागा धरून ठेवी."